आधी पाणी, मग मलम

कुत्र्याला खरचटलं की आपल्याकडे बहुतेक घरांत पहिला हात हळदीच्या डब्याला लागतो. मागोमाग कुणी डेटॉलची बाटली आणतं, कुणी खोबरेल तेल. मुक्या जनावरासाठी जीव तुटतो म्हणूनच माणसं हे करतात, त्यामुळे त्यांना बोल लावावासा मला वाटत नाही. पण जनावरांचा डॉक्टर म्हणून इतकं मात्र कळकळीनं सांगेन की जखमेला काय लावायचं हे नंतर पाहू. आधी ती नीट धुवा, आणि तुम्हाला पुरेसं वाटेल त्याच्या दुप्पट धुवा.

हळदीचं काय होतं ते सांगतो. डब्यातली हळद निर्जंतुक नसते. ओल्या जखमेवर तिचा लेप वाळून घट्ट बसतो आणि माती, केस, कुसळं त्याखाली अडकून पडतात. वरून सगळं पिवळंधमक, त्यामुळे कडा लाल होताहेत की आत पू धरतोय, काहीच दिसत नाही. मग दवाखान्यात आणल्यावर तो लेप भिजवून सोडवावा लागतो, आणि ते सोडवणं मूळ जखमेपेक्षा जास्त दुखतं.

आता धुवायचं कसं? त्याआधी धरायचं कसं, ते बघू. आयुष्यात कधी कुणाला न चावलेला कुत्राही दुखऱ्या जागी हात लागला की दात लावतो. त्यात त्याचा राग नसतो, ती कळ असते. एकानं डोक्याशी बसून बोलत राहावं, दुसऱ्यानं जखम बघावी. गरज वाटली तर मऊ पट्टीचा किंवा ओढणीचा फास तोंडावर टाकावा, हनुवटीखाली एक गाठ द्यावी आणि दोन्ही टोकं कानांमागं बांधावीत. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला, उलटी होत असलेल्या किंवा धाप लागलेल्या कुत्र्याला असं तोंड बांधू नये. बाकीच्यांचंही काम झालं की लगेच सोडावं, कारण कुत्रा तोंडानं हाशहुश करूनच अंग थंड करतो.

रक्त येत असेल तर स्वच्छ घडीचं फडकं जखमेवर दाबून धरा. पूर्ण पाच मिनिटं, घड्याळ लावून. थांबलं का म्हणून मधेच उचलून पाहण्याचा मोह होतो आणि तिथंच धरलेली गुठळी निघते. फडकं भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. नखाचं टोक तुटून रक्त लागलं असेल तर त्यावर थोडी तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लोअर दाबलं की बहुधा भागतं.

मग धुणं. उकळून कोमट केलेल्या अर्धा लिटर पाण्यात सपाट एक छोटा चमचा मीठ टाका. औषधाच्या दुकानातली सलाईनची बाटली असेल तर उत्तमच, आणि काहीच नसेल तर नळाचं स्वच्छ पाणीही चालतं. बिनसुईच्या मोठ्या सिरिंजनं या पाण्याची धार जखमेवर तिरकी सोडायची. कापसानं पुसायचं नाही, त्याचे तंतू आत राहतात. लॅब्रॅडॉर किंवा स्पिट्झसारख्या दाट केसांच्या कुत्र्यात जखम दिसतच नाही, म्हणून भोवतालचे केस थोडे कापावे लागतात. कापताना जखमेवर ओली गॉझ ठेवा, म्हणजे तुकडे आत पडत नाहीत. कात्री आणि कातडी यांच्यामध्ये फणी धरा, म्हणजे आणखी एक जखम होत नाही. उलट आपल्या मराठवाड्यातल्या कारवानी कुत्र्याला केस आखूड आणि कातडी पातळ. तारेच्या कुंपणाखालून जाताना ती सर्रकन फाटते. लांबून साधा ओरखडा वाटतो, बोटांनी कडा हलक्या बाजूला केल्या की फाट आरपार दिसते.

धुऊन झाल्यावर लावायला पोव्हिडोन आयोडीन पुरेसं आहे. बीटाडीन म्हणून मिळणाऱ्या बाटलीतलं गडद औषध तसंच ओतू नका. बिनदुधाच्या फिक्या चहासारखा रंग येईपर्यंत पाण्यात पातळ करा. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून जखम साफ झाल्यासारखी वाटते खरी, पण जखम भरून आणायला जमलेल्या नव्या पेशीही त्यात मरतात. तीव्र डेटॉलनं कातडी भाजते, आणि कुत्रं ते चाटून पोटात घेतं ते वेगळंच.

चाटण्याविषयी जरा थांबून बोलायला हवं. ‘कुत्र्याच्या जिभेत औषध असतं’ असं अनेक घरांत मानतात. लाळेत काही जंतूंना मारण्याचा थोडा गुण असतो, यात खोटं काही नाही. पण जीभ खरखरीत, आणि तोंडात इतर जंतू भरपूर. सतत चाटलं की खपली निघते, कातडी भिजून सोलवटते, आणि पैशाएवढी जखम तळहाताएवढी होते. म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घाला. तो नाकाच्या टोकाच्या थोडा पुढं आला पाहिजे, नाहीतर कुत्रं मान वळवून बरोबर जागा गाठतं. जखम पाठीवर किंवा पोटावर असेल तर जुना सुती टी-शर्टही चालतो. पहिल्या दिवशी कुत्रं केविलवाणं बघतं, दारांना आपटतं. तरी मन घट्ट करा आणि कोन काढू नका.

पायाच्या गादीची जखम हट्टी असते. ऊस तुटलेल्या रानातले बुडखे, रस्त्यावरची काच, पत्रा, यांनी गादी चिरते आणि लहान चिरेतूनही बरंच रक्त जातं. प्रत्येक पावलाला त्यावर अंगाचा भार येतो, म्हणून ती भरायला वेळ लागतो. पट्टी बांधलीत तर मधल्या दोन बोटांची टोकं उघडी ठेवा आणि दिवसातून दोन-तीनदा पाहा. त्या बोटांची नखं एकमेकांपासून फाकलेली दिसली तर पाय सुजतोय, पट्टी घट्ट झाली आहे, लगेच सोडा. बाहेर नेताना पट्टीवर प्लास्टिकची पिशवी चालेल, पण घरी आल्या आल्या ती काढायची. ओली पट्टी ठेवण्यापेक्षा जखम उघडी बरी.

पावसाळ्यात माझी सगळ्यात मोठी धास्ती माशांची. उघड्या जखमेवर माशीनं अंडी घातली की एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात आणि मांस खात आत शिरतात. शेपटीखाली, कानाच्या टोकाला, बोटांच्या बेचक्यात, जिथं आपली नजर जात नाही तिथं. कुत्रं सारखं वळून एकच जागा चाटतं आणि अंगाला कुजका वास येतो, या खुणा ओळखा. गावोगावी अशा जखमेत टर्पेंटाइन, पेट्रोल, फिनेल, डांबरगोळीची पूड भरतात. अळ्या थोड्या मरतात, पण कुत्र्याची कातडी जळते आणि विष अंगात भिनतं. असं काही न टाकता सरळ दवाखान्यात आणा. तिथं गरज पडली तर भूल देऊन चिमट्यानं एकेक अळी काढावी लागते.

तसंच दुसऱ्या कुत्र्यानं चावल्याचं. वर सुळ्याचं बारीक भोक दिसतं आणि घरचे म्हणतात, काही नाही, थोडंसं लागलंय. कुत्र्याची कातडी सैल असते. चावणाऱ्यानं धरून झटका दिला की आतल्या आत स्नायूपासून ती सुटते, पोकळी होते आणि तिच्यात जंतू कोंडले जातात. तीन-चार दिवसांनी तिथं गळू येतं. अशी जखम घरची समजू नका, तिच्यावर घट्ट पट्टीही बांधू नका. हातमोजे घालून साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लस आधी घेतलेली असली तरी पुन्हा डोस द्यावा लागतो. तुमच्या हातावर ओरखडा असेल आणि त्याला लाळ लागली असेल, तर तुम्हीही तितकीच मिनिटं हात धुऊन आपल्या डॉक्टरांना दाखवा. यात संकोच नको, उद्यावर ढकलणं तर मुळीच नको.

दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली गोळी मात्र कुत्र्याला कधीच देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकनं त्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृतावर उठतं, आणि मांजराला तर अर्धी गोळीही जीवघेणी ठरू शकते. याच डायक्लोफेनॅकचे अंश गुरांच्या कलेवरांतून गिधाडांच्या पोटात गेले आणि आपल्याकडची गिधाडं झपाट्यानं संपत गेली, म्हणून 2006 साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. एकाला औषध ते दुसऱ्याला विष होतं, हे गोळीचं पाकीट हातात घेताना आठवा.

घरी बघायची ती वरवरची खरचट आणि बारीक चीर. जखम वासली असेल, डोळ्याजवळ किंवा सांध्यावर असेल, रक्त दहा मिनिटांत थांबत नसेल किंवा उसळून येत असेल, तर दाब तसाच ठेवून निघा. टाके घालायचे तर पहिल्या सहा-आठ तासांत घातलेले चांगले जुळतात. घरी ठेवलेली जखम रोज दोनदा उजेडात पाहा. दुसऱ्या दिवसानंतर लाली आणि सूज उतरायला हवी. ती वाढली, वास आला, कुत्र्यानं खाणं सोडलं किंवा ताप 103 अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर थांबू नका. निरोगी कुत्र्याचं अंग 101 ते 102.5 अंश असतं, म्हणून आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागतं. हातानं ताप ठरवू नका, थर्मामीटर वापरा.

आणि दवाखान्यात येताना लसीकरणाचं कार्ड बरोबर आणा. रेबीजची शेवटची लस कधी दिली, हे आम्ही सगळ्यांत आधी विचारतो.