‘कायदेशीर आहे का?’ हा एक प्रश्न नाही

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीत कापसाचा भाव आहे, ज्वारीची खरेदी आहे, पीककर्ज आहे. त्यात हा क्रिप्टोचा विषय कोणी घुसवला, असा प्रश्न पुढे बसलेल्या जाणत्या मंडळींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. विषय तालुक्यांतूनच आला आहे. कापसाचा चुकारा खात्यात पडतो न पडतो तोच गावात कोणीतरी येतो. कधी दूरचा पाहुणा, कधी पोराच्या वर्गातला मित्र. मोबाईल काढतो, वर चढणारी रेघ दाखवतो. मग पारावर तीन मते होतात. एक म्हणतो, ‘सरकारने बंदी घातली आहे, हात लावू नका.’ दुसरा म्हणतो, ‘सुप्रीम कोर्टाने मंजुरी दिली.’ तिसरा म्हणतो, ‘सरकार टॅक्स घेते, म्हणजे कायदेशीरच.’ पोरगा बापाला विचारतो आणि बाप आम्हाला विचारतो, आपल्या देशात हे कायदेशीर आहे का?

आम्ही तिन्ही मते कागदाला लावून पाहिली. तिघांच्याही हाती खऱ्या कागदाचा एकेक तुकडा आहे, आणि तिघांचाही निष्कर्ष चुकीचा आहे.

कपाशीची पाने लाल पडली की आपण कृषी केंद्रात जाऊन ‘लाल्याचे औषध द्या’ म्हणतो. लाल्या हा एकच रोग नव्हे. नत्र कमी पडले तरी पान लाल होते, मॅग्नेशियम कमी पडले तरी लाल, तुडतुडे बसले तरी लाल, पाणी साचून मुळे गुदमरली तरी लाल. कारण वेगळे केले नाही तर दुकानदाराचा गल्ला भरतो आणि पान लालच राहते. ‘कायदेशीर आहे का’ हा प्रश्नही तसाच आहे. तो फोडला पाहिजे. फोडला की त्यातून चार प्रश्न निघतात. हा पैसा आहे का? हे जवळ ठेवणे गुन्हा आहे का? यावर कर कोणता? आणि विकणाऱ्याला कोणता कायदा लागतो? चारही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

पहिला प्रश्न, हा पैसा आहे का? बिटकॉइन जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले. जगभरच्या संगणकांवर एकच खातेवही ठेवलेली आहे, ती कोणा एकाच्या मालकीची नाही, आणि एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत, असा त्याचा नियम आहे. त्याच्यामागे कोणते सरकार नाही, बँक नाही. पुढचा गिऱ्हाईक देईल तो भाव. त्याच्यानंतर अशी हजारो नाणी निघाली. आपल्या देशात पैसा कशाला म्हणायचे हे १९३४ चा रिझर्व्ह बँक कायदा आणि २०११ चा नाणे कायदा सांगतो. क्रिप्टो त्यात बसत नाही. म्हणून कोणी तुमच्या देण्यापोटी क्रिप्टो पुढे केले तर ते घेण्याची सक्ती तुमच्यावर नाही. कायदेशीर चलन म्हणजे काय, ते आपण ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री शिकलो आहोत. ५०० ची नोट तीच होती, कागद तोच होता, पण सरकारने अधिसूचना काढली आणि दुसऱ्या दिवशी दुकानदाराने ती घेतली नाही.

इथे एक गफलत होते, ती दूर करू. मोबाईलवरून तुम्ही बियाण्याचे पैसे देता, ते तुमच्या खात्यातले रुपयेच असतात. तो क्रिप्टो नव्हे. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य माणसांसाठी प्रायोगिक पातळीवर ‘डिजिटल रुपया’ आणला. तोही क्रिप्टो नव्हे, ती रिझर्व्ह बँकेचीच नोट आहे, फक्त कागदावर छापलेली नाही. कोणी डिजिटल रुपयाचे नाव घेऊन क्रिप्टो गळ्यात मारू लागला तर तो तिथेच पकडला गेला असे समजा.

दुसरा प्रश्न, हे जवळ ठेवणे गुन्हा आहे का? ‘बंदी’वाल्याच्या हाती ६ एप्रिल २०१८ चे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक आहे. ते खरे आहे. पण ते बँकांना उद्देशून होते. क्रिप्टोच्या व्यवहारांना सेवा देऊ नका, आधी देत असाल तर तीन महिन्यांत बंद करा, असा तो हुकूम होता. नागरिकाने क्रिप्टो ठेवू नये, असे त्यात नव्हते. पुढे ४ मार्च २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने ते परिपत्रक रद्द केले. ‘मंजुरी’वाल्याच्या हाती हा निकाल आहे. तो काय म्हणतो? रिझर्व्ह बँकेला या विषयात पाऊल उचलण्याचा अधिकार आहे, हे कोर्टाने मान्य केले. पण देशात बंदीचा कायदा नाही आणि या व्यवहारांमुळे बँकांचे नेमके काय नुकसान झाले ते रिझर्व्ह बँकेने दाखवले नाही, तेव्हा एका धंद्याचा गळाच आवळणे हे प्रमाणाबाहेर आहे, असे कोर्ट म्हणाले. कोर्टाने एक हुकूम रद्द केला. क्रिप्टो चांगले आहे, सुरक्षित आहे, असा दाखला दिला नाही.

बंदीचा कायदा करायची तयारीही झाली होती. २०१९ मध्ये सरकारी समितीने मसुदा दिला. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनाच्या यादीत विधेयकाचे नाव आले. विधेयक मात्र मांडलेच गेले नाही. मसुदा म्हणजे कायदा नव्हे आणि यादीतले नाव म्हणजे तर मसुदाही नव्हे. म्हणून उत्तर असे की क्रिप्टो जवळ ठेवण्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने केलेला नाही.

तिसरा प्रश्न कराचा. २०२२ च्या अर्थसंकल्पाने क्रिप्टोला ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असे नाव दिले आणि १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लावला. वर ४ टक्के उपकर. १ जुलै २०२२ पासून ठराविक रकमेच्या वरच्या विक्रीवर १ टक्का आधीच कापला जातो, तो पुढे कराच्या हिशेबात धरतात. २०२५ साली संसदेने नवा आयकर कायदा केला, त्यातही ही मालमत्ता कायम आहे.

हिशेब करून पाहा. पोराने एक नाणे २० हजारांना घेतले आणि ५० हजारांना विकले. नफा ३० हजार. दुसऱ्या नाण्यात त्याचे ३० हजार बुडाले. घरात बसून हिशेब केला तर हाती शून्य. आयकर खात्याचा हिशेब वेगळा आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. ३० हजारांवर ९ हजार कर आणि ३६० रुपये उपकर, असे ९ हजार ३६० रुपये भरा. आमचे उत्पन्न कराच्या मर्यादेखाली आहे, ही सबब इथे चालत नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे म्हणून हा नफा कापसाच्या पट्टीत दडवताही येत नाही.

आता तिसऱ्या माणसाचे म्हणणे, ‘कर घेतात म्हणजे कायदेशीर.’ फेब्रुवारी २०२२ मध्ये खुद्द अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत सांगितले की हे वैध की अवैध हा प्रश्न वेगळा आहे, कर लावणे हा सरकारचा अधिकार आहे. सरकार आपली वसुली करून मोकळे झाले आहे. तुमच्या जोखमीत सरकार भागीदार नाही. नफ्यात मात्र ३० टक्क्यांचे आहे.

चौथा प्रश्न विकणाऱ्याचा, आणि आमच्या मते कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठा. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टोचा व्यवहार करणाऱ्या कंपन्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली आल्या. त्यांना केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंद करावी लागते, गिऱ्हाइकाची ओळख तपासावी लागते. परदेशात बसून इथे धंदा करणाऱ्या ९ कंपन्यांना डिसेंबर २०२३ मध्ये नोटिसाही गेल्या. तेव्हा पहिली विचारणा हीच, या कंपनीची नोंद आहे का? पण नोंद असली तरी ती तुमच्या पैशाची हमी नाही. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचे कवच आहे, इथे ते नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या कंपनीतून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. गिऱ्हाइकांचे पैसे अडकले आणि मिटवामिटवीचे प्रकरण सिंगापूरच्या कोर्टात चालले.

याच्याही पलीकडचा प्रकार गावात येतो तो. तो नाणे विकत नाही, ‘योजना’ विकतो. महिन्याला इतके टक्के, खाली दोन माणसे जोडा, वर कमिशन. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत महिन्याला १० टक्के, १८ महिने, असे आमिष दाखवल्याचा आरोप आहे. पुण्यासह अनेक ठिकाणी गुन्हे दाखल झाले आणि २०२३ साली सुप्रीम कोर्टाने तपास सीबीआयकडे सोपवला. गावातला सावकारही शेकडा तीन, शेकडा पाच घेतो. महिन्याला शेकडा दहा आपल्याला आणून देणारा कोण हा धर्मात्मा? अशा योजनेत ‘क्रिप्टो कायदेशीर आहे का’ हा प्रश्नच गैरलागू आहे. त्याने क्रिप्टोऐवजी सागाची झाडे किंवा शेळ्या सांगितल्या असत्या तरी कायदा तोच लागला असता. माणसे जोडून पैसा फिरवण्यावर १९७८ पासून बंदी आहे, नोंद नसलेल्या ठेवींवर २०१९ चा केंद्राचा कायदा आहे, ठेवीदारांसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे.

आणखी एक धोका. काही पोरे कंपनीला बाजूला ठेवून परस्पर अनोळखी माणसाला नाणी विकतात. काही जण हजार-दोन हजारांसाठी आपले बँक खाते दुसऱ्याला वापरायला देतात. त्या खात्यात आलेले पैसे कोणा लुबाडलेल्या माणसाचे निघाले, की परमुलखातल्या पोलिसांचे पत्र येते आणि खाते गोठते. त्याच खात्यात चुकारा येणार असतो, विम्याची भरपाई येणार असते, पेरणीची उचल असते. जूनमध्ये पाऊस पडतो आणि बाप बँकेच्या दारात उभा असतो.

आता उद्या कायदा बदलला तर? बदलेलच. म्हणून आम्ही दिलेली उत्तरे पाठ करू नका, शोधायची रीत पाठ करा. कागदाला वजन असते. सगळ्यात वर संसदेचा कायदा आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल. त्याखाली राजपत्रातली अधिसूचना, मग परिपत्रक. मंत्र्याचे भाषण त्याच्याही खाली, वर्तमानपत्राची बातमी आणखी खाली, आणि मोबाईलवर फिरणारा मजकूर पार तळाला. कागद दाखवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. नंबर काय, तारीख काय, आणि यानंतरचा कागद कोणता? २०१८ चा कागद दाखवून २०२० चा लपवणारे दोन्ही बाजूंना आहेत. राजपत्र आणि रिझर्व्ह बँकेची परिपत्रके इंटरनेटवर फुकट मिळतात, कॉलेजातल्या पोरीला बसवा, ती काढून देईल. नाही मिळाले तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून अर्ज करा. अर्जात ‘हे कायदेशीर आहे का’ असे मत विचारू नका, ते मिळणार नाही. ‘या विषयावर आजवर निघालेल्या परिपत्रकांच्या प्रती द्या’ असे लिहा.

आणि देश पाहा. चीनने सप्टेंबर २०२१ मध्ये सगळे व्यवहार बेकायदा ठरवले. त्याच महिन्यात एल साल्वाडोरने बिटकॉइनला कायदेशीर चलन केले आणि २०२५ साली ते घेण्याची सक्ती काढून टाकली. शेजारच्या नेपाळात बंदी आहे. परदेशातल्या कंपनीने तिकडचा परवाना दाखवला तर तो तिकडचा आहे. तुमचा पोरगा आखातात नोकरीला असेल तर त्याने तिथला कायदा पाहायचा.

घ्या किंवा घेऊ नका, हे सांगायला आम्ही उभे नाही. आपल्या घामाचा पैसा कुठे घालायचा हा ज्याचा त्याचा हक्क आहे, आणि तो कोणी आपल्यासाठी वापरावा अशी भीक आपण कधी मागितलेली नाही. पण हक्क वापरणाऱ्याने पावती मागायची असते. बिलाशिवाय घेतलेले चोरबिटीचे पाकीट उगवले नाही तर तक्रार कुठे करता? कुठेच नाही. तसेच हे.

तेव्हा बैठकीपुढे तीन गोष्टी ठेवतो. प्रत्येक गावशाखेने एक वही करावी आणि या विषयातल्या कागदांचे नंबर व तारखा तीत उतरवाव्यात, नवा कागद निघाला की खाली भर घालावी. गावात योजना घेऊन येणाऱ्याला आधी त्या वहीपुढे बसवावे. आणि आपले बँक खाते, आपले आधार, आपला मोबाईल नंबर कोणत्याही भावाने दुसऱ्याला वापरायला देऊ नये. कोणी फसलाच तर लाजेने घरात बसू नये. त्याच घटकेला १९३० या नंबरवर फोन करावा, कारण पहिल्या काही तासांत पैसा अडवता येतो, नंतर तो हाती लागत नाही.

वही आजच घाला. पहिल्या पानावर लिहायला चार तारखा या भाषणातच मिळतील.