यंत्र येण्यापूर्वी
(सुवर्णमहोत्सव सोहळ्यातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु जमाखर्च मांडण्याची सवय आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त ट्रस्टने आधुनिक तपासणी यंत्रांसाठी साहाय्य करावे, अशी सूचना आली आहे. ती स्वागतार्ह आहे. मात्र त्यापूर्वी एक जुने खाते उघडणे मला आवश्यक वाटते.

1970 च्या दशकात गर्भजल तपासणी आपल्या देशात आली ती गर्भातील व्यंगे ओळखण्यासाठी. पुढे सोनोग्राफी आली. माता-बालकांचे प्राण वाचविणाऱ्या या शोधांना दोष कसा द्यावा? परंतु जेथे मुलगी नकोशी, तेथे या ज्ञानाचा उपयोग कशासाठी होईल, हा प्रश्न वेळीच विचारला गेला नाही. महिला संघटनांनी आवाज उठविल्यावर 1988 मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 चा. अंमल 1996 पासून. तोवर यंत्रे गावोगावी पोहोचली होती. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 1991 मध्ये 946 मुली होत्या. 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 उरल्या.

हे खाते परक्याचे नव्हे. 2001 च्या जनगणनेत साक्षरतेत जैन समाज देशात अग्रेसर, 94 टक्के. त्याच जनगणनेत आपल्या समाजात हजार मुलग्यांमागे मुली 870. देशाची सरासरी 927. पाणी गाळून पिणाऱ्यांचा हा आकडा आहे.

त्याच सुमारास एक गृहस्थ दुकानी बाळंतविडा घ्यायला आले. सुनेला सातवा महिना होता. “मुलग्याचेच कपडे द्या शेठ, खात्री करून घेतली आहे,” म्हणाले. मागे दोन वेळा ‘जमले नाही’, असेही सहज बोलून गेले. मला अर्थ कळला होता. मी गठ्ठा बांधला, पावती फाडली. दरवर्षी संवत्सरीला सर्वांची क्षमा मागतो; त्या गठ्ठ्याची आठवण होऊन मिच्छामि दुक्कडम् म्हणायला मला वीस वर्षे लागली.

आता मातेच्या रक्ताच्या थेंबांवरून दहाव्या आठवड्यानंतर गर्भातील दोषांचा अंदाज देणारी तपासणी आली आहे. त्यातून लिंगही कळू शकते. ते सांगण्यास कायद्याने बंदी आहे, पण आपल्या घरातील मोह कायदा कसा आवरणार?

काही वेळा अन्याय यंत्राच्या घडणीतच असतो. कोरोनाच्या काळात घरोघरी गेलेले ऑक्सिमीटर आठवा. 2020 मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले की, कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ते प्राणवायू प्रत्यक्षाहून अधिक दाखविण्याची चूक अधिक वेळा करते. पुरेशा विविध वर्णांच्या माणसांवर आधीच पारखले असते, तर ही चूक पुष्कळ लवकर उघडी पडली असती. आम्ही व्यापारी तरी कापड धुऊन, उन्हात धरून मगच रंगाची हमी देतो.

म्हणून विश्वस्तांना माझी विनंती आहे. देणगीची पावती फाडण्यापूर्वी एका कागदावर लिहून घ्यावे : हे यंत्र कोणाच्या हाती जाईल? शुल्क कोणाला परवडणार नाही? जुन्नरच्या पश्चिमेकडील आदिवासी वाडीतली बाई येथवर कशी पोहोचेल, आणि अहवाल तिला मिळेल की तिच्या सासऱ्यांना? हा कागद तयार करणाऱ्या समितीत निम्म्या भगिनी असाव्यात. त्यांनी नकार दिला, तर देणगीदार कितीही मोठा असो, यंत्र घेऊ नये. तो देणगीदार मी असलो तरीही.