धातू गेला कुठे?

आपण बसलो आहोत तिथून नाशिकचं रामकुंड हाकेच्या अंतरावर आहे. भाविक पाण्यात नाणं टाकतात आणि थोड्या वेळानं काठावरची पोरं दोरीला लोहचुंबक बांधून ते वर काढतात. स्टीलचा रुपया चुंबकाला लगेच चिकटतो. पाच रुपयांचं निकेल-ब्रासचं पिवळं नाणं तळाशीच राहतं. ही पोरं नाण्याकडे धातू म्हणून बघतात. टांकसाळीची खरी चूक ओळखायला तीच नजर हवी.

गेल्या वर्षी एक गृहस्थ माझ्याकडे आले. रुमालात जपून बांधलेलं दोन रुपयांचं नाणं. सिंहमुद्रेच्या बाजूवर, मूळ चित्राच्या अंगावरच, उलटी अक्षरं खोलगट उमटलेली. टांकसाळीची चूक म्हणून त्यांनी ते चार हजारांना घेतलं होतं. मी नाणं पालटलं. मागची बाजू चेपून सपाट झालेली होती. कुणीतरी दोन नाणी एकमेकांवर ठेवून शेगड्यात आवळली होती. त्यांना हे सांगणं मला जड गेलं.

हे कळतं कसं, ते समजायला नाणं घडतं कसं ते बघू. आधी पत्र्यातून गोल चकत्या कापतात. त्या तापवून मऊ करतात, काठ दाबून जरा उचलतात. मग कोरी चकती एका पोलादी कड्यात बसते आणि वरून-खालून दोन ठसे एक दणका देतात. छापा, काटा आणि कडेवरच्या रेघा, तिन्ही त्याच दणक्यात. त्या क्षणापर्यंत जे बिघडलं ती चूक. त्यानंतर जे घडलं ती इजा, मग ती कितीही चमत्कारिक दिसो. नाणं हातात आलं की मी एकच विचारतो: धातू गेला कुठे?

नाण्यावर रेघ आहे. ती बोटाला उंच लागते की खोल? ठशाला तडा गेला तर दणक्याच्या वेळी धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ येते. खिळ्यानं ओरखडलं तर रेघ खोल, आणि दोन्ही कडांना उकरलेला धातू साचलेला. सालातला एखादा आकडा गायब आहे? ठशाच्या खाचेत ग्रीस आणि कचरा भरला तर धातूला चढायला जागाच उरत नाही. आकडा पुसट होतो, पण भोवतीची जमीन गुळगुळीत आणि मूळ झळाळीची राहते. कानशीनं घासलेला आकडा आसपासचंही थोडं घेऊन जातो.

एका बाजूनं चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेलं नाणं आपल्याकडे पुष्कळ जण दाखवायला आणतात. पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही तर आधीच्या भोकावर नवी चकती कापली जाते, तशी ती कोर पडते. अशा चकतीचा काठ उचलताना कोरीच्या बरोबर समोर दाब मिळत नाही, म्हणून तिथला काठही फिका राहतो. नाणेशास्त्रात याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात. कात्रीनं किंवा कानशीनं कोर पाडणाऱ्याला समोरचा काठ आठवत नाही. हा पुरावा मला सगळ्यात आवडतो. तो प्रत्येक खऱ्या नाण्यावर ठळक असतोच असं नाही, पण असला तर बोलका असतो.

आता त्या गृहस्थांच्या नाण्याचा खरा भाऊ बघा. छापलेलं नाणं कधी वरच्या ठशालाच चिकटून राहतं. खाली नवी कोरी चकती येते आणि ठशाऐवजी त्या नाण्याचा मार खाते. मग एका बाजूला सिंहमुद्रा उठावात आणि दुसऱ्या बाजूला तीच सिंहमुद्रा खोलगट, आरशातली, असं नाणं निघतं. खालचं मूळ चित्र तिथे नसतंच, कारण ते कधी उमटलंच नव्हतं. शेगड्यातल्या नाण्यावर दोन्ही चित्रं एकमेकांशी भांडतात.

लहानपणी आपण रुळावर नाणं ठेवायचो. गाडीखाली ते पसरतं, कड्याबाहेर छापलेलं नाणंही पसरतं, आणि वजन दोघांचं सारखंच. फरक अक्षरांत: ठशाची अक्षरं खणखणीत राहतात, रुळावरची ओघळून चपटी होतात. कापलेलं, घासलेलं, तेजाबात टाकलेलं नाणं मात्र काट्यावर उघडं पडतं. 1992 च्या मालिकेतला स्टीलचा रुपया 4.85 ग्रॅमचा. सराफाकडे जाऊन बघा.

दहा रुपयांच्या नाण्याचं मधलं बटण आणि बाहेरचं कडं एकाच दणक्यात जोडलं जातं. बटण खरंच सरकून छापलं असेल तर चित्र आपल्या जागी असतं, दोन्ही धातूंवरून अखंड. ठोकून फिरवलेल्या बटणाबरोबर चित्रही फिरतं. आणि रुपयाचं चिन्ह असलेलं-नसलेलं दहाचं नाणं ही ना चूक, ना खोट. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मध्ये स्पष्ट केलं की त्याच्या तोवरच्या चौदाही नक्षी चलनात वैध आहेत. दुकानदारानं ते नाकारू नये.

आपल्या शिवराईबद्दल सांगितलंच पाहिजे. तो तांब्याचा पैसा हातोड्यानं पाडलेला. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा, म्हणून ‘श्री राजा शिव’ यातली सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच मावतात. मध्य चुकलेली शिवराई ‘चुकलेली’ म्हणून चढ्या भावानं विकणारा तुम्हाला फसवतो आहे. जिथे कडं नाही, तिथे कड्याबाहेर जाणं ही चूक कशी होईल?

किमतीचं विचाराल तर पुसट आकड्याला, बारीक तड्याला फारसा भाव नाही. मोठ्या, उघड चुकीला संग्राहक पैसे मोजतात. लाखोंची जाहिरात करून आधी कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून रिझर्व्ह बँकेनं 4 ऑगस्ट 2021 रोजी लोकांना सावध केलं आहे. असा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नका.

आणि गल्ल्यात खरंच असं चुकलेलं नाणं सापडलं, तर चिंचेनं उजळू नका, रांगोळीनं घासू नका. जी मूळ झळाळी तुमच्या बाजूनं साक्ष देणार, ती पहिल्याच घासण्यात जाते. कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा आणि भिंगाखाली बघणाऱ्या जाणत्या माणसाला दाखवा.