सबव्हॉल्यूम कोणत्या वहींतला?



नाशिकास रामकुंडावर यात्रेकरू आला म्हणजे तीर्थोपाध्याय त्याला त्याचें मूळ गांव व आडनांव विचारतात. तो हल्लीं मुंबईस राहतो कीं नागपुरास, याला तेथें महत्त्व नसतें; त्याच्या वाडवडिलांची नोंद कोणाच्या वहींत आहे, एवढेंच पाहावयाचें असतें. ज्यांच्या घरच्या संगणकावर लिनक्स चालतें, त्यांच्यापुढेंहि केव्हां केव्हां असाच प्रश्न येतो; आणि त्याचें उत्तर चुकलें तर घरांतील छायाचित्रांस व कागदपत्रांस मुकण्याची पाळी येते.

डिस्कवरील मजकूर लावून ठेवण्याच्या व्यवस्थेला फाइलसिस्टीम म्हणतात. त्यांपैकीं बीटीआरएफएस ही २००७ सालीं क्रिस मेसन यांनीं ओरॅकल कंपनींत सुरू केली, व २००९ सालीं ती लिनक्सच्या गाभ्यांत दाखल झाली. तिच्या पोटांत अनेक सबव्हॉल्यूम करतां येतात. एका वाड्यांतील बिऱ्हाडांसारखे ते असतात : दारें निराळीं, पण जागा सामाईक.

एखाद्या गृहस्थानें आजोबांचीं पत्रें एका सबव्हॉल्यूममध्यें ठेवलीं, त्याचा स्नॅपशॉट घेतला व त्याला ‘सुरक्षित प्रत’ असें नांव दिलें, अशी कल्पना करा. नांव भारदस्त आहे. परंतु स्नॅपशॉट हा सुद्धां एक सबव्हॉल्यूमच होय, व तो मूळ मजकुराचेच तुकडे वापरतो. म्हणून तर तो क्षणांत तयार होतो व आरंभीं जवळजवळ जागा घेत नाहीं. चुकून पुसलेलें पत्र त्यांतून परत मिळेल. डिस्कच बिघडली तर मूळ व प्रत दोन्ही एकदमच जातील.

मग वाडा एक आहे कीं दोन, हें ओळखावें कसें ? जुन्या जाणत्या मंडळींची रीत अशी कीं, ‘स्टॅट’ ही आज्ञा देऊन उपकरणाचा क्रमांक पाहावा. क्रमांक निराळा तर फाइलसिस्टीम निराळी. इतर फाइलसिस्टीमच्या बाबतींत ती बहुधा खरी ठरते. बीटीआरएफएस मात्र प्रत्येक सबव्हॉल्यूमला निराळा क्रमांक देते, त्यामुळें येथें हाच पुरावा माणसाला फसवितो. ‘बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम शो’ या आज्ञेनें मिळणारा यूयूआयडीहि त्या बिऱ्हाडाचा असतो, वाड्याचा नव्हे. फार तर तेथील पेरेंट यूयूआयडीवरून स्नॅपशॉट कोणापासून निघाला, एवढें कळतें.

वाड्याचा यूयूआयडी हवा असल्यास ‘फाइंड’ व ‘माउंट’ हे शब्द जोडून लिहावे, पुढें उणें चिन्ह व लहान ओ, मग मोठ्या अक्षरांत यूयूआयडी, नंतर उणें चिन्ह व मोठा टी, आणि शेवटीं त्या फोल्डरचा पत्ता. आज्ञा पत्त्याच्या वाटेनें वर चढत जाते व जेथें फाइलसिस्टीम जोडलेली आहे तें ठिकाण गांठते. दोन सबव्हॉल्यूमांचें उत्तर एकच आलें कीं दोघांची वही एक, हें निश्चित.

पण एका बीटीआरएफएसचा पसारा दोन-तीन डिस्कांवरहि असूं शकतो. त्यांपैकीं एखादी रिकामी समजून काढून ठेवण्यापूर्वीं ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टीम शो’ ही आज्ञा अवश्य द्यावी. तींत एका यूयूआयडीखालीं येणाऱ्या सर्व डिस्कांची यादी मिळते.

त्या गृहस्थाला खरी प्रत हवी असेल तर त्यानें वाचनापुरता स्नॅपशॉट घ्यावा व ‘सेंड’ आणि ‘रिसीव्ह’ या आज्ञांनीं तो दुसऱ्या बीटीआरएफएसवर उतरवावा. तेथेंहि यूयूआयडी निराळा दिसला म्हणून लगेच निर्धास्त होऊं नये. एकाच डिस्कचे दोन भाग पाडून दोन फाइलसिस्टीम करतां येतात. ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा कोणता भाग कोणत्या डिस्कवर आहे तें दाखविते. तेवढें पाहावें, आणि मगच जुन्या डिस्कला हात लावावा.