दैनंदिनीची निवड



वर्ष बदलण्याच्या सुमारास लेखनसाहित्याच्या दुकानांत दैनंदिन्यांचे ढीग लागतात. कातडी बांधणीच्या, कापडी पुठ्ठ्याच्या, एका पानास एक दिवस देणाऱ्या, दोन पानांवर सबंध आठवडा मांडणाऱ्या, अशा नानाविध वह्या तेथें दिसतात. अलीकडे त्यांत आणखी एका जातीची भर पडली आहे. तिच्यांत वर्षाचीं उद्दिष्टें, महिन्याचे संकल्प, आठवड्याचा आढावा, इतकेंच नव्हे तर पाणी किती पेले झालें आणि झोप किती तास लागली यांसाठींहि छापील रकाने असतात. हौसेनें घेतलेली ही वही जानेवारींत भरगच्च, फेब्रुवारींत तुरळक आणि मार्चांत कोरी, अशी पुष्कळ घरांत आढळते. याचा सारा दोष आपण आपल्या आळसाकडे देऊन मोकळे होतों. मला वाटतें, त्यांतील बराचसा दोष निवडीचा असतो.

निवड करण्यापूर्वीं वही कशासाठीं हवी हें ठरविलें पाहिजे. दैनंदिनीकडून लोक तीन निरनिराळीं कामें मागतात. पहिलें, भेटीगांठींच्या वेळा लक्षांत ठेवणें. हें काम खिशांतील भ्रमणध्वनि अधिक चोख करतो. तो वेळेवर वाजतो, वही वाजत नाहीं. दुसरें, घडलेलें नमूद करणें. लंडनच्या सॅम्युएल पीप्स यानें १६६० पासून १६६९ पर्यंत लघुलिपींत रोजनिशी लिहिली. तशा लेखनाला छापील रकान्यांची अडचणच होईल. त्याला साधी कोरी वही उत्तम. तिसरें काम म्हणजे करावयाचें ठरविणें आणि तें झालें कीं नाहीं हें पाहणें. आजचा आपला विषय तो आहे.

या तिसऱ्या कामाचें मर्म आपल्याकडील व्यापाऱ्यांना पूर्वापार ठाऊक होतें. पेढीवर एक कीर्द असे आणि एक खतावणी असे. दिवसाचा जमाखर्च कीर्दींत क्रमानें लिहावयाचा, रात्रीं मेळ घालावयाचा, शिल्लक दुसऱ्या दिवसाच्या माथ्यावर ओढावयाची, आणि तींच कलमें पुढें नांववार खतावणींत न्यावयाचीं, असा परिपाठ होता. कीर्दीचा पुठ्ठा किती सुबक आहे याला महत्त्व नव्हतें. रात्रीं मेळ बसतो कीं नाहीं याला होतें. उद्दिष्टांच्या वहीलाहि हीच कसोटी लावावी. सकाळीं संकल्प लिहिण्याची सोय कोणतीहि वही करून देते. रात्रीं पांच मिनिटांत दिवस मिटविण्याची आणि उरलेलें काम न लाजतां पुढें ओढण्याची सोय जी करून देते, ती आपली वही.

अमेरिकेंतील मुद्रक, शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) याचें उदाहरण या बाबतींत प्रसिद्ध आहे. त्यांतील वहीविषयींचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाहीं. तारुण्यांत त्यानें मिताहार, मितभाषण, सुव्यवस्था, उद्योग, विनय असे तेरा गुण निवडले आणि एक लहानशी वही स्वतःच आंखली. प्रत्येक गुणाला एक पान. पानावर तांबड्या शाईनें वारांचे सात उभे रकाने आणि तेरा गुणांच्या तेरा आडव्या ओळी. रोज दिवसाचें परीक्षण करून ज्या गुणांत चूक घडली त्याच्या घरांत काळा ठिपका द्यावयाचा. मुख्य लक्ष मात्र दर आठवड्याला एकाच गुणावर ठेवावयाचें. तेरा आठवड्यांत एक फेरी, म्हणजे वर्षांत चार फेऱ्या होत.

फेरी संपली कीं जुने ठिपके खरवडून तींच पानें तो पुन्हां वापरी. खरवडून खरवडून कागदाला भोकें पडलीं. तेव्हां त्यानें हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली. तिच्यावर तांबड्या रेघा कायम राहत आणि शिसपेनीचे ठिपके ओल्या स्पंजानें पुसले जात. पुढें कामाचा व्याप वाढल्यावर फेरी वर्षांतून एकदां होऊं लागली, मग कांहीं वर्षांतून एकदां, आणि अखेर तीहि सुटली. वही मात्र तो नेहमीं बरोबर बाळगी. सुव्यवस्था हा गुण आपणांस फार जड गेला, असें त्यानें आत्मचरित्रांत मोकळेपणानें लिहिलें आहे. तरीहि या प्रयत्नानें आपण अधिक चांगले आणि अधिक सुखी झालों, असा त्याचा निर्वाळा आहे.

यांतून आपणांस घेण्यासारखें तें हेंच. वही लहान होती, तिच्यांत एका वेळीं एकाच गोष्टीवर भर होता, आणि चुकलेल्या दिवसानंतर पुन्हां आरंभ करण्याची सोय तिच्यांत होती. तारखा छापलेल्या दैनंदिनींत ही शेवटची सोय नसते. आजारपणांत किंवा पाहुण्यांच्या वर्दळींत दहा पानें कोरीं राहिलीं, तर तीं वर्षभर आपल्याकडे डोळे वटारून पाहतात आणि मग वही उघडण्याचाच संकोच वाटूं लागतो. ज्याचें काम न्यायालयाच्या किंवा शाळेच्या तारखांशीं बांधलेलें आहे, त्यानें छापील तारखांची वही अवश्य घ्यावी. ज्याचे दिवस अनियमित आहेत, त्यानें तारखा स्वतः घालावयाची वही घ्यावी. तींत गैरहजेरीचें कोरें पान उरतच नाहीं.

दुसरा प्रश्न पानाच्या आकाराचा. मोठें पान मोठ्या यादीला आमंत्रण देतें, आणि कामाला लागणारा वेळ आपण सारेच कमी धरतों. १९९४ सालीं ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना, तो किती दिवसांत पुरा होईल, असें त्यांनीं विचारलें होतें. त्यांचा अंदाज सरासरीनें सुमारें ३४ दिवसांचा निघाला. प्रत्यक्षांत सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. म्हणून दिवसाला चारपांच ओळींपेक्षां अधिक जागा नसावी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटीं किती वेळ धरला व किती लागला, हे दोन आंकडे लिहिण्यापुरता समास असावा. महिनाभरांत हे आंकडे आपणांस आपल्या वेगाची खरी ओळख करून देतात. शिवाय काम लिहितांना तें केव्हां व कोठें करावयाचें हेंहि लिहावें. "वाचन करीन" हा संकल्प झाला. "सकाळीं चहानंतर गॅलरींत वीस पानें" ही योजना झाली.

आतां बाह्य अंगाविषयीं थोडेंसें. वही टेबलावर उघडी सपाट राहिली पाहिजे. शाईच्या टांकानें लिहिणाऱ्यांनीं शेवटच्या पानावर दोन ओळी लिहून शाई पलीकडे उतरते का तें पाहावें. आणि वही इतकी मोलाची नसावी कीं तिच्यांत खाडाखोड करण्याची भीति वाटावी.

शेवटची गोष्ट घराची. आपल्या घरांत भिंतीवरची दिनदर्शिका ही खरी सामायिक दैनंदिनी असते. दुधाचे खाडे, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंच्या औषधांची तारीख, यजमानांचा प्रवास, सारें तिच्या चौकोनांत लिहिलेलें असतें, आणि तें अक्षर बहुधा गृहिणीचें असतें. ती सर्वांच्या वेळा सांभाळते. मात्र तिचें अर्धवट राहिलेलें शिक्षण, सुटलेला रियाज, लिहावयाचा राहिलेला लेख, यांना त्या चौकोनांत जागा नसते. जें कोठेंच लिहिलेलें नाहीं, तें घरांत कोणी हिशोबांत धरीत नाहीं. म्हणून घरांत एकच नवी वही येणार असेल, तर ती प्रथम तिच्यासाठीं यावी. परंतु तेवढ्यानें भागणार नाहीं. उद्दिष्ट तिच्या वहींत राहूं द्या. त्यासाठीं ठरलेला तास मात्र भिंतीवरच्या चौकोनांत ठळक अक्षरांत लिहा. "मंगळवार, चार ते पांच, आईचा रियाज" असें तेथें लिहिलेलें दिसलें, म्हणजे त्या तासाला चहा कोणी करावयाचा हा प्रश्न इतरांचा होतो.

ज्यांची निवड अजून होत नसेल, त्यांनीं प्रथम शंभर पानांची साधी वही घ्यावी आणि महिनाभर रोज रात्रीं दिवस मिटवून पाहावा. तीस रात्रींपैकीं वीस रात्रीं जरी मेळ बसला, तरी आपणांस कसली वही हवी हें त्या पानांवरूनच कळेल. मग कातडी बांधणीची खुशाल घ्यावी.