सूत्र नंतर, प्रश्न आधी



तुमच्यापैकी बरेच जण संध्याकाळी मोहल्ल्यातल्या मुलांची शिकवणी घेतात. म्हणून आज फक्त सहावी ते आठवीच्या गणिताबद्दल बोलतो. मी सातवीत असताना "असं का?" विचारलं की उत्तर मिळायचं, "पाठ कर." हळूहळू मी विचारणं सोडलं, आणि मग गणितही.

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. तेव्हा क्षेत्रफळाचं सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना विचारा: एका गुंठ्यात कपाशीची किती झाडं बसतील? गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. दोन ओळींत ४ फूट अंतर, दोन झाडांत १ फूट.

काही मुलं भागाकार करतील: १,०८९ भागिले ४, म्हणजे सुमारे २७२. काही मैदानात दोरी लावून खुणा करतील: ९ ओळी, प्रत्येकीत ३४ झाडं, एकूण ३०६. चुकलं कोण? इथे तुम्ही गप्प राहा. त्यांना वाद घालू द्या. थोड्या वेळाने कोणीतरी ओरडेल, "धुऱ्यावरची झाडं!" कडेच्या झाडाची अर्धी जागा शेताबाहेर जाते. मग पुढचा प्रश्न: चौरस एकरात हा फरक वाढेल की घटेल? तिथे १०,८९० आणि ११,०७७ येतात. बारा टक्क्यांचा फरक दोन टक्क्यांच्या आत येतो.

२००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा हेच सांगतो: मुलाच्या विचारालाच गणिती वळण लागलं पाहिजे. आणि हे आपल्याला परकं नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने वारसाहक्क, व्यापार, जमीनमोजणी यांसाठी ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून 'अल्जेब्रा' शब्द आला. त्यानेही नुसती रीत दिली नाही. चौरस काढून ती का चालते हे दाखवलं.

गावातली उर्दू शाळा सातवी-आठवीला संपली की मूल मराठी वर्गात येतं. 'रकबा'चं 'क्षेत्रफळ' होतं आणि पाठ केलेलं निसटतं. आपल्या कितीतरी मुली याच वळणावर शाळा सोडतात. पण जिने स्वतः दोरी धरून जमीन मोजली, तिला फक्त शब्द बदलावा लागतो. समज तिच्याकडेच राहते.

या रविवारी एक दोरी घ्या, मुलांना मैदानात न्या, आणि उत्तर सांगायची घाई करू नका.