डोंगर, नदी आणि आपली वस्ती
(स्वागताध्यक्षांचे भाषण)

सन्माननीय परिषदाध्यक्ष, उद्घाटक, दूरदूरहून आलेले अभ्यासक आणि अधिकारी, तालुक्यातील सरपंच, पोलीस पाटील आणि बंधुभगिनींनो,

चवदार तळ्याच्या आणि रायगडाच्या या महाड परिसरात स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. पाहुण्यांना आम्ही एरवी गड दाखवतो, तळे दाखवतो. आपत्तींच्या अभ्यासासाठी आलेल्या आपल्याला मात्र नदी आणि डोंगरही दाखवायचे आहेत.

सावित्री महाबळेश्वरी उगम पावते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस काही तासांत आमच्या दारी येतो. त्याच वेळी खाडीला भरती असली, की पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते बाजारपेठेत शिरते. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस झाला. महाड बुडाले आणि २२ जुलैलाच आमच्या तालुक्यातील तळीये गावात दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई या गावांनीही दरडींचे हेच दुःख भोगले होते.

पाऊस सर्वांवर सारखा पडतो. नुकसान मात्र सारखे होत नाही. ज्याला माळा आहे, तो माल वर चढवतो. टपरीवाल्याचे सगळेच वाहून जाते. डोंगरउतारावर कातळावरची माती पाणी पिऊन जड होते, तिची पकड सुटते. उतार तोडला, झाडे गेली, की ते आणखी लवकर घडते. अशा उतारावर लोक राहतात, कारण त्यांचे शेत, पाणी आणि गुरांचा चारा तिथेच असतो. पुनर्वसनात पक्के घर मिळाले, पण गोठा आणि शेत दूर राहिले, तर पावसाळ्यात माणूस पुन्हा वर जातो. हे कोणत्याही नकाशावर दिसत नाही.

आमच्याच रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. याद्या हव्यातच, पण प्रत्येक वाडीला आपला डोंगर वाचता आला पाहिजे. जमिनीला नवी भेग, झऱ्याला अचानक गढूळ पाणी, कललेली झाडे, अडकू लागलेले दार ही चिन्हे दिसली, तर वाट पाहू नये, हे शाळकरी पोरालाही ठाऊक हवे.

म्हणून अभ्यासकांना माझी विनंती आहे: आपले निष्कर्ष अहवालात ठेवून जाऊ नका. किती पाऊस पडला की वाडी सोडायची, रात्री कोणत्या वाटेने जायचे, म्हाताऱ्यांना कोण नेणार, गुरे कुठे बांधायची, याची उत्तरे आमच्या भाषेत द्या. प्रत्येक वाडीच्या शाळेत पर्जन्यमापक असावा आणि त्यावरचा आकडा वाचून घरे रिकामी करायला सांगण्याचा अधिकार गावातल्याच माणसाला असावा. प्रशासनाने त्या माणसाच्या पाठीशी उभे राहावे. घरे रिकामी केली आणि दरड आली नाही, तरी त्याला कोणी हसू नये.

आमच्या व्यवस्थेत उणे राहिले असेल, तर ते गोड मानून घ्यावे. चर्चेत मात्र भीड ठेवू नका. येत्या पावसाळ्याआधी निदान एका वाडीचा आराखडा या मांडवात पुरा करूया, एवढे आवाहन करतो आणि आपले पुन्हा एकदा स्वागत करून थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!